गाण्याला धनी असतो

मध्य ऑस्ट्रेलियातल्या लाल वाळवंटावरच्या कवितेत डिजेरिडू घुमायला लागला की समजावं, कवीचा नकाशा चुकलाय. हे वाद्य उत्तरेचं, आर्नहेम लँडचं. वाळवीने आतून पोखरलेली युकॅलिप्टसची सरळ खोडं तिकडे मिळतात, म्हणून ते तिकडे जन्मलं. ॲलिस स्प्रिंग्सच्या आसपास अरंडा, वार्लपिरी, पिचंचारा लोक गातात तेव्हा ताल धरला जातो तो दोन बूमरँग एकमेकांवर आपटून, टिपऱ्यांसारख्या काठ्यांनी, नाहीतर बायका हाताची ओंजळ करून मांडीवर थापतात त्या थापेने. मधलं हजारेक किलोमीटरचं अंतर कवितेच्या एका ओळीत पुसलं जातं, आणि लिहिणाऱ्याला वा वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

चूक छोटी आहे, पण तिचं मूळ खोल आहे. ‘ॲबोरिजिनल संस्कृती’ नावाचा एकच ढीग आहे आणि त्यातून रंग, सूर, गोष्ट हवी तशी उचलावी, अशी समजूत तिच्यामागे आहे. बाहेरच्या कवीने वाळवंटातल्या आदिवासींच्या गाण्यांतून आणि कथांतून कविता करावी का, यावर ऑस्ट्रेलियात अनेक दशकं वाद चाललाय. एक बाजू म्हणते, कल्पनेला कुंपण नको. दुसरी म्हणते, हात लावू नका. दोघांचंही मला अर्धंच पटतं. वाळवंट कुणीही लिहावं. तिथल्या गाण्याला मात्र धनी आहे, नावागावाचा, नात्यागोत्याचा, आणि त्याला विचारल्याशिवाय ते घेऊ नये. विचारायला गेल्याने कविता लंगडी होते, ही भीती तर मला उलटीच वाटते. वाळवंटावरच्या बहुतेक वाईट कविता फसल्या आहेत त्या कुणाला काही विचारलं नाही म्हणूनच.

आधी जमिनीचं बघू, कारण तिथे परवानगी लागत नाही, फक्त डोळे लागतात. वाळवंट म्हटलं की आपल्या मनात उघडी वाळू आणि उंट येतात. ॲलिस स्प्रिंग्सला वर्षाला सरासरी 280 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण ही सरासरी फसवी आहे. एखाद्या वर्षी शंभराच्या आत, तर एखाद्या वर्षी सातशेच्या वर. म्हणजे तिथे ‘ऋतू’ लिहिण्यापेक्षा ‘वाट पाहणं’ लिहिणं जास्त खरं. जमीनही बोडकी नाही. स्पिनिफेक्स नावाचं टोकदार गवत घुमटासारखं वाढतं, मग मधून मरतं आणि कडेने पसरत जातं. जुन्या झुडपाचं असं मोठं कडं होतं, मधे लाल माती. त्याच गवताची राळ तापवून भाल्याला दगडी पातं चिकटवत. डेझर्ट ओक हा आपल्या किनाऱ्यावरच्या सुरूचा भाऊबंद. मुळं पाण्यापर्यंत पोचेस्तोवर तो काठीसारखा सडपातळ उभा राहतो, बाटली घासायच्या ब्रशसारखा. पाणी लागलं की फांद्या पसरतो. एवढं पाहिलेल्या कवीला ‘निर्जन, निष्प्राण’ ही विशेषणं पुन्हा वापरावीशी वाटणार नाहीत. तीच विशेषणं सरकारी कागदांतही होती आणि जमीन घेताना ती उपयोगी पडली, हेही त्याने लक्षात ठेवावं.

उंटाचं म्हणाल तर तो तिथला नाहीच. 1860 साली खंड ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून दोन डझन उंट आणि ते हाकणारे लोक मेलबर्नला उतरले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. म्हणजे त्या वाळवंटावरच्या कवितेत उंट आला तर तो इतिहास म्हणून यावा, देखावा म्हणून नव्हे. आपल्या बाजूने गेलेला पाहुणा आहे तो, आज रानटी होऊन बसलेला.

आता गाणं. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळा वाद ज्यावरून आहे ती वस्तू काय आहे हे वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

मध्य वाळवंटातलं एक कडवं साधारण दोन ओळींचं, प्रत्येक ओळ दोनदा. शब्द थोडे. ते कडवं पुन्हा पुन्हा फिरवून गातात, मग थांबतात, बोलतात, हसतात, पुढचं कडवं घेतात. सूर वरून खाली उतरत जातो. गंमत अशी की सुरावटीचं वर्तुळ आणि शब्दांचं वर्तुळ एकाच जागी सुरू होत नाही. एका फेरीत सूर जिथे वर असतो तिथे पुढच्या फेरीत दुसरेच शब्द येतात. त्यामुळे नवख्या कानाला कडव्याची सुरुवात कुठे हे सांगताच येत नाही. शिवाय गाण्यातले शब्द बोलण्यातले नसतात. ते तोडलेले, पुढच्या शब्दाला जोडलेले, स्वर बदललेले, आघात हलवलेले असतात. भजनात शब्द ओढला तरी आपण तो ओळखतो. इथे ती भाषा घरी बोलणाराही, कुणी शिकवल्याशिवाय, ओळखू शकत नाही. अशी कडवी एकामागून एक लागत जातात आणि मिळून एका पूर्वजाच्या प्रवासाची वाट होते: हा पाणवठा, ही खिंड, इथे तो बसला, इथे जमिनीत शिरला. कडव्याचा अर्थ त्याच्या शब्दांत थोडा असतो. बराचसा त्या जागेत आणि शिकवणाऱ्याच्या तोंडी असतो. लहान मुलाला सांगितलेला अर्थ वेगळा, जाणत्याला सांगितलेला वेगळा. काही गाणी सगळ्यांसमोरची, काही फक्त बायकांची, काही फक्त पुरुषांची.

म्हणून अशा कडव्याचं नीट भाषांतर करायचं तर चार थर लागतात: गायलेलं रूप, त्याचं बोलीतलं रूप, शब्दशः अर्थ, आणि धन्याने दिलेला खुलासा. बाहेरचा कवी बहुधा तिसरा थर उचलतो. ‘गरुड, राख, उजेड’ असे तीन शब्द त्याच्या हाती पडतात, आणि त्यांवर तो वीस ओळींची मुक्तछंदातली कविता रचतो. ती वाईटच असेल असं नाही. पण ती त्या गाण्यातून आलेली नसते; शब्दसूचीतून आलेली असते.

धनी म्हणजे कोण, तर वार्लपिरी लोकांत याची व्यवस्था अगदी रेखीव आहे. वडिलांकडून ज्याचा त्या जागेशी आणि तिच्या गाण्याशी संबंध येतो तो किर्डा. आईकडून येतो तो कुर्डुंगुर्लू. किर्डा गातो, नाचतो, अंग रंगवून घेतो. कुर्डुंगुर्लू लक्ष ठेवतो: क्रम बरोबर आहे का, चुकीच्या माणसासमोर चुकीचं काही उघड होत नाही ना. तो नसेल तर किर्डाने एकट्याने करायचं नाही. प्रत्येक माणूस एका जागेचा किर्डा आणि दुसऱ्या एखाद्या जागेचा कुर्डुंगुर्लू असतो. कवी आणि संपादक अशी ही जोडी आहे, आणि संपादकाचा नकाराधिकार पक्का आहे. ‘पारंपरिक गाणं म्हणजे लोकांचं, म्हणजे कुणाचंच नाही’ असं म्हणणाऱ्याने हे एकदा समजून घ्यावं. आपल्याकडेही जात्यावरची ओवी कितीतरी दिवस ‘लोकवाङ्मय’ या एकाच शिक्क्याखाली छापली जायची. नंतर काही संग्राहकांनी बाईचं नाव आणि गाव ओवीशेजारी लिहिलं, तेव्हा ओवी जास्त ऐकू यायला लागली. फरक इतकाच की ओवी गुपित नव्हती.

कवींनी याबाबत काय केलं, त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जिंडीवोरोबॅक चळवळीचं. ॲडलेडच्या रेक्स इंगामेल्सने ती 1938 साली सुरू केली, 1953 पर्यंत दरवर्षी तिचा कवितासंग्रह निघत होता. मूळ तक्रार रास्त होती. ऑस्ट्रेलियात राहून इंग्लंडची कुरणं आणि तिथले पक्षी किती दिवस गायचे? कवितेने इथल्या मातीशी, इथल्या आदिवासींच्या दृष्टीशी नातं जोडावं. ‘जिंडीवोरोबॅक’ या नावाचा अर्थच जोडणं. पण ते नाव आलं कुठून? 1929 सालच्या एका गोऱ्या लेखकाच्या पुस्तकातल्या शब्दसूचीतून. शब्द मेलबर्न परिसरातल्या वोइवुरंग भाषेचा, आणि कवितांतून वारंवार येणारा ‘अल्चेरिंगा’, ज्याचं इंग्रजीत ‘ड्रीमटाइम’ झालं तो, मध्यभागातल्या अरंडा लोकांचा. मधे दोनेक हजार किलोमीटर. गोरे लोक आले तेव्हा त्या खंडात अडीचशेहून अधिक भाषा होत्या, हे या कवितांवरून कुणाला कळणार नाही. ए. डी. होप या कवीने त्यांना बॉय स्काउटांची शाळा म्हणून हिणवलं. टोमणा चांगला लागला, पण तो कवितेच्या दर्जाबद्दल होता. त्याहून मोठी गोष्ट कुणी फारशी बोललं नाही. ज्या वर्षांत या कविता छापल्या जात होत्या, त्याच वर्षांत नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे ॲलिस स्प्रिंग्स ज्यात येतं त्या प्रदेशात, 1918 च्या वटहुकुमाखाली प्रत्येक आदिवासी मुलाचा कायदेशीर पालक एक सरकारी अधिकारी होता आणि मुलं आईपासून तोडून नेली जात होती. आदिवासी कवीचा पहिला कवितासंग्रह आला 1964 मध्ये, ऊजेरू नूनुकल यांचा, तेव्हाचं नाव कॅथ वॉकर. आणि त्या वाळवंटातल्या नव्हेत, क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरच्या बेटावरच्या. जोडायला निघालेल्यांनी ज्यांच्याशी जोडायचं त्यांना बैठकीत बोलावलंच नव्हतं. आदिवासींना मंचावर बोलावलंच नाही हे सांगणारी, भिल्ल कवी वाहरू सोनवण्यांची ‘स्टेज’ ही कविता ज्याने वाचली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरं उदाहरण जास्त अवघड आहे, कारण तिथे अज्ञान हा दोष नव्हता. टी. जी. एच. स्ट्रेलो 1908 मध्ये हरमान्सबर्गच्या लुथरन मिशनवर जन्मला, अरंडा भाषा बोलतच वाढला. 1932 पासून त्याने म्हाताऱ्या गायकांकडून हजारो कडवी उतरवून घेतली. अनेकांनी त्याला ती विश्वासाने दिली. पुढची पिढी शिकायला तयार नाही, ही त्यांची काळजी होती. 1971 साली त्याचा मध्य ऑस्ट्रेलियातल्या गाण्यांवरचा ग्रंथ आला. त्यात तो या गाण्यांना प्राचीन ग्रीक आणि नॉर्डिक काव्याच्या पंक्तीत बसवतो, छंद आणि शब्दरचना उलगडून दाखवतो. त्याआधी हे इतक्या बारकाईने कुणी केलं नव्हतं. पण त्यात गुप्त गाणीही आहेत. आणि 1978 साली, मृत्यूच्या काही महिने आधी, त्याने विधींची छायाचित्रं एका जर्मन साप्ताहिकाला विकली. ती फिरून ऑस्ट्रेलियातल्या एका मासिकात छापून आली. ज्यांनी विश्वास ठेवला त्यांच्या घरच्यांनी ती पानटपरीवर पाहावीत, असा तो प्रकार.

स्ट्रेलो नसता तर कितीतरी गाणी आज नसती, हे खरं. अरंडा पुरुष आज त्याच्याच दप्तरातून आपली गाणी परत शिकतात. म्हणून ‘त्याने लिहूनच घ्यायला नको होतं’ हे मला पटत नाही. पण उतरवून ठेवणं आणि छापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी मिळालेला विश्वास दुसरीला आपोआप लागू होत नाही. कवी नेमका इथेच घसरतो: एखाद्या म्हाताऱ्याने शेकोटीपाशी सांगितलं, म्हणजे आता ते माझं झालं.

कायद्याने हा प्रश्न सुटत नाही. कॉपीराइट माणसाला असतो, त्याच्या मृत्यूनंतर 70 वर्षांनी संपतो, आणि कल्पनेला मिळत नाही. हजारो वर्षांच्या गाण्याला त्यात जागाच नाही. 1976 साली पिचंचारा मंडळींनी मानववंशशास्त्रज्ञ चार्ल्स माउंटफर्ड यांच्या पुस्तकाची विक्री नॉर्दर्न टेरिटरीत कोर्टाकडून थांबवली, ती कॉपीराइटवर नव्हे, विश्वासभंगाच्या मुद्द्यावर. 1940 मध्ये त्यांना जे दाखवलं ते गुप्त ठेवण्याच्या अटीवर दाखवलं होतं. 1994 मध्ये चित्रकारांनी खटला जिंकला. त्यांची चित्रं व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर विणून पर्थच्या एका कंपनीने विकली होती. चित्रकारांत वाळवंटातले टिम पायुंका चापंगाटीही होते. चित्राला निदान काढणारा हात असतो, म्हणून तिथे कॉपीराइट चालला. गुप्ततेच्या अटीवर दिलेलं सोडलं तर गाण्याच्या बाबतीत सगळं कवीच्या वागणुकीवर आहे. आणि म्हणूनच ‘ही सेन्सॉरशिप आहे’ हा आरडाओरडा पोकळ आहे. अडवणारा पोलिस कुठेच नाही.

मग परवानगी कुणी द्यायची, घरातच दोन मतं असली तर? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचं गोड उत्तर नाही. दोन बाजू पटल्या नाहीत तर आत्तापुरतं नाही. कवितेला कुजायची भीती नसते, ती थांबू शकते. पण पद्धत गूढ नाही. कोणत्या जागेची, कोणत्या भाषेची गोष्ट आहे हे आधी स्वतः शोधायचं. ‘आदिवासी आख्यायिका’ एवढंच माहीत असेल तर अजून विचारायच्या लायकीचेही आपण झालो नाही. मग तिथलं भाषा केंद्र, कला केंद्र, किंवा ॲलिस स्प्रिंग्समधली सेंट्रल लँड कौन्सिल यांच्यामार्फत माणसापर्यंत पोचायचं. खर्डा पक्का होण्याआधी जायचं, कारण छपाईच्या आदल्या आठवड्यात घेतलेली परवानगी ही परवानगी नसते, अडवणूक असते. कुणी वारलं तर महिनोन्महिने काम थांबतं. त्या काळात फोन करत राहू नये. मृत माणसाचं नाव तिकडे घेत नाहीत, त्यामुळे शोककवितेत नाव घालायचं तर घरच्यांना विचारावंच लागतं. वेळेचे पैसे द्यायचे, मानधन म्हणून, उपकार म्हणून नव्हे. नाव द्यायचं ते व्यक्तीचं आणि भाषेचंही. होकार एका प्रकाशनापुरता असतो. मासिकात छापलेली कविता संग्रहात घ्यायची, तिची ध्वनिफीत काढायची, ती पाठ्यपुस्तकात जाणार, तर पुन्हा विचारायचं. बहुतेक कवी इथे चुकतात, आणि तेही मनात खोट नसताना.

हा वंशाचा दाखला मागण्याचा प्रकार आहे, असंही म्हटलं जातं. तसं ते नाही. सिडनीतल्या आदिवासी कवीलाही अरंडा गाण्यावर हक्क नाही. त्यालाही विचारावं लागतं. हक्क कातडीचा नाही, जागेच्या नात्याचा आहे. अली कॉबी एकरमन यांच्याकडे पाहावं. यांकुनचाचारा कुळातल्या, जन्मल्यावर दत्तक गेलेल्या, आई भेटली ती तिशी उलटल्यावर. 2017 मध्ये त्यांना विंडहॅम-कॅम्बेल पुरस्कार मिळाला. त्यांच्या कवितेतलं वाळवंट गुपितं उघडत नाही. परत येणं, उशिरा येणं, आईची जागा रिकामी असणं, इतक्यावर ते उभं आहे. ज्यांचा हक्क आहे त्याच सगळ्यात कमी उचलतात, यात शिकण्यासारखं बरंच आहे. (एक धोका मात्र मान्य करायला हवा: आदिवासी कवीने वाळवंट आणि पूर्वजच लिहावेत, शहरातलं भाडं आणि पोलिस नकोत, अशी अपेक्षाही याच वादातून पोसली जाते.) आणि संस्कृती काचेच्या पेटीत ठेवलेली नाही. अरंडा आणि पिचंचारा बायकांची भजनमंडळी जर्मन मिशनऱ्यांनी आणलेली स्तोत्रं आपल्या भाषांत गाते, 2015 साली ती जर्मनीत जाऊन गायली. त्यांनी घेतलं, बदललं, स्वतःचं केलं. पण जर्मनांनी ती स्तोत्रं आपणहून शिकवली होती. देवाणघेवाण आणि उचलेगिरी यांत हाच फरक.

मराठीत लिहिणाऱ्याला यातलं दोन ठिकाणी थेट लागू होतं. एक, ‘ड्रीमटाइम’चं ‘स्वप्नकाळ’ करणं आता बंद करावं. इंग्रजी शब्दच 1896 च्या सुमाराचा, अरंडा ‘अल्चेरा’वरून बेतलेला. स्वप्नाशी त्या शब्दाचं नातं आहे, पण त्यात कायदा, पूर्वज, जागा आणि आज पाळायचे नियमही आहेत, आणि तो भूतकाळ नाही. उलुरू या मोठ्या लाल खडकाभोवतीच्या अनंगू लोकांचा शब्द चुकुर्पा. तो तसाच ठेवावा. ‘धर्म’ या शब्दाचं इंग्रजीत काय होतं ते आपण रोज पाहतो. दोन, उलुरूची सहल. मेलबर्न-सिडनीत मराठी घरं वाढली आणि त्या खडकावरच्या मराठी कविताही. 26 ऑक्टोबर 1985 ला तो खडक अनंगूंना परत मिळाला, 26 ऑक्टोबर 2019 पासून चढणं बंद झालं. पायथ्याभोवतीच्या दहाएक किलोमीटरच्या वाटेवर काही ठिकाणी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत. तिथे लेखणीही खिशात ठेवावी. बाकी वाटभर लाल धूळ बुटात जाते, माश्या नाकावर बसतात, खडकाचा रंग तासातासाला बदलतो, आणि हे सगळं लिहायला कुणाची हरकत नाही.

वर पाहिलं तर कृत्तिका आहेत. तिथून त्या उत्तरेला, आपल्याहून उलट्या दिसतात. पिचंचारा आणि शेजारच्या लोकांत त्या सात बहिणी, कुंकारंकाल्पा. न्यिरू नावाचा पुरुष त्यांचा पाठलाग करतो, आणि ती वाट जमिनीवरही आहे, शेकडो किलोमीटर, पाणवठ्यापाणवठ्याने. ती वाट तुटक होत चालली म्हणून तिथल्या वडीलधाऱ्यांनीच कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयाला सोबत घेतलं आणि 2017 मध्ये तिचं प्रदर्शन झालं. काय दाखवायचं आणि काय नाही हे त्यांनी ठरवलं. तेवढा भाग आता सगळ्यांना माहीत आहे, तेवढ्याचा उल्लेख कुणीही नाव घेऊन करावा. आपल्या कृत्तिका सहा, कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या, आणि त्यांच्यावर लिहायला मराठी कवीला कुणाची चिठ्ठी नको. त्यांच्या सात आहेत.